नैसर्गिक वायूचे दर खाली येतील ते कशाने? सांगली-साताऱ्याच्या बिलापर्यंतचा हिशेब

कृष्णाकाठ
कुपवाड, मिरज, पलूस, इस्लामपूर, कराड, शिरवळ, कुठल्याही औद्योगिक वसाहतीत जा, भट्टी आणि बॉयलरवाल्यांपुढे प्रश्न एकच आहे. नैसर्गिक वायूचा वर्षभराचा करार आत्ता करून टाकायचा, की दर उतरायची वाट बघत एलपीजीवर दिवस काढायचे? पेपरात कधी येतं अमेरिकेत गॅस मातीमोल झाला, कधी येतं युरोपात साठे भरले. आपल्या बिलावर त्याचं काही दिसत नाही.

धागा दोन गोष्टींसाठी काढतोय. दर खाली ढकलणारी कारणं कोणती, आणि त्यातलं कोणतं कारण कृष्णेच्या काठापर्यंत पोचतं? जाणकारांनी आकड्यांसकट लिहावं ही विनंती. नुसतं "वाढेल" किंवा "पडेल" याने कुणाचा करार ठरत नाही.

ज्वालामापक
चांगला विषय. आधी अमेरिकेचं बघू, कारण आकडे तिथले सर्वात उघडे असतात.

तिथला भाव लुइझियानातल्या हेन्री हब या जोडबिंदूवर ठरतो. एकक एमएमबीटीयू, म्हणजे साधारण २ लाख ५२ हजार किलोकॅलरी. आपल्या मीटरच्या भाषेत २७ घनमीटरच्या आसपास, सीएनजी पंपाच्या भाषेत १९ ते २० किलो. हे तीन आकडे लिहून ठेवा, पुढे सारखे लागतील.

भाव पाडणारं पहिलं कारण हवामान. एप्रिल ते ऑक्टोबर जमिनीखालच्या साठ्यात गॅस भरतात, नोव्हेंबर ते मार्च काढतात. दर गुरुवारी साठ्याचा सरकारी आकडा येतो आणि बाजार त्याची तुलना मागच्या पाच वर्षांच्या सरासरीशी करतो. हिवाळा उबदार गेला की मार्चअखेर साठा सरासरीच्या वर राहतो आणि भाव बसतो. २०२४ च्या मार्चमध्ये हेन्री हब दोन डॉलरच्याही खाली होता, तो यामुळेच.

दुसरं कारण लोकांच्या लक्षात येत नाही: तेलाबरोबर निघणारा गॅस. टेक्सासच्या पर्मियन खोऱ्यात विहीर खोदतात तेलासाठी, गॅस आपोआप वर येतो. नेणारी वाहिनी अपुरी पडली की तो विकायलाही पैसे मोजावे लागतात. २०२४ मध्ये तिथल्या वाहा या बिंदूवर भाव कितीतरी दिवस शून्याखाली होता.

विटेकर
शून्याखाली? म्हणजे गॅस घ्या आणि वर पैसेही घ्या? मग तो विट्याला का येत नाही राव!

ज्वालामापक
@विटेकर, कारण तो टेक्सासच्या माळावर आहे. किनाऱ्यापर्यंत वाहिनी, मग उणे १६२ अंशांपर्यंत थंड करून द्रव करायचा कारखाना, मग जहाज, मग आपल्याकडे पुन्हा वायू करायचा टर्मिनल. प्रत्येक टप्प्यावर खर्च आहे आणि तो हेन्री हबबरोबर कमी होत नाही.

अमेरिकी करारांचं सूत्र साधारण असं असतं: हेन्री हबच्या ११५ टक्के, अधिक द्रवीकरणाचा ठरावीक आकार. आकार ३ डॉलर आणि हेन्री हबही ३ डॉलर धरा. ३.४५ अधिक ३ म्हणजे ६.४५. जहाजभाडं दोनेक डॉलर, अडीच टक्के सीमाशुल्क आणि त्यावरचा अधिभार, पुनर्वायुकरणाचे साठ-सत्तर रुपये. टर्मिनलच्या दारात झाले सव्वानऊ-साडेनऊ डॉलर. आता हेन्री हब ३ वरून २ वर आला, म्हणजे ३३ टक्के पडला. आपल्या दारात कमी झाले १.१५ ते १.२० डॉलर, फार तर १३ टक्के. बातमीतली घसरण आणि बिलातली घसरण यांतला फरक हा असा.

सज्जनगड_वारा
वरच्या प्रतिसादाला जोडून. अमेरिकेतला भाव पडला म्हणजे जगात पडलाच असं नाही, कधी उलटही होतं. जून २०२२ मध्ये टेक्सासच्या फ्रीपोर्ट निर्यात कारखान्यात आग लागली. निर्यात थांबली, गॅस देशातच अडकला आणि हेन्री हब पडला. त्याच वेळी युरोपात माल कमी आला म्हणून तिकडे भाव चढला. ऑगस्ट २०२२ अखेर नेदरलँड्सच्या टीटीएफ बाजारात मेगावॅट-तासाला ३०० युरोंच्या वर गेला होता. त्यामुळे आपल्यासाठी हेन्री हबपेक्षा द्रवरूप नैसर्गिक वायूचा आशियाई आणि युरोपीय भाव जास्त कामाचा.

तो खाली आणणारी कारणं माझ्या मते अशी. सर्वात मोठं म्हणजे द्रवीकरणाची नवी क्षमता. कतार आपल्या नॉर्थ फील्ड या वायुक्षेत्राची क्षमता वर्षाला ७ कोटी ७० लाख टनांवरून १२ कोटी ६० लाख आणि पुढे १४ कोटी २० लाख टनांवर न्यायला निघाला आहे. अमेरिकेत प्लाकमिन्स, कॉर्पस क्रिस्तीचा विस्तार, गोल्डन पास अशी रांग आहे. कारखाना एकदा उभा राहिला की चालू ठेवायचा खर्च भांडवलाच्या मानाने किरकोळ, म्हणून मागणी नसली तरी माल येत राहतो आणि भावावर दाब पडतो. बाकी जपानने अणुभट्ट्या पुन्हा सुरू केल्या की तितकी जहाजं मोकळी होतात. चीनला सायबेरियातून वाहिनीने गॅस मिळाला की तो आपल्या करारातला माल दुसऱ्याला विकतो. युरोपात सलग दोन हिवाळे सौम्य गेले, तेव्हा २०२४ च्या मार्चअखेरही त्यांचे साठे निम्म्याहून जास्त भरलेले होते.

पण कतारचा सगळा माल होर्मुझच्या सामुद्रधुनीतून निघतो. तिथे गडबड झाली तर वरचा सगळा हिशेब बाजूला ठेवावा लागेल.

पाटीलवाडा
मला ही स्वस्ताई टिकेलसं वाटत नाही. भाव पडला की विहिरी खोदणारी यंत्रं उभी राहतात, सहा-आठ महिन्यांत उत्पादन घटतं आणि भाव परत वर. भारत, पाकिस्तान, बांगलादेश भाव उतरला की लगेच खरेदीला धावतात. आपल्याकडेच सुमारे २० हजार मेगावॅटची गॅसवरची वीजकेंद्रं आहेत, महाग गॅसमुळे बहुतेक काळ बंद असतात. भाव आठ डॉलरच्या खाली गेला की उन्हाळ्यात तीही चालू होतील. मागणीच भावाला खाली जाऊ देणार नाही.

ज्वालामापक
@पाटीलवाडा, यंत्रं उभी राहतात हे फक्त गॅसच्या विहिरींना लागू आहे. तेलाबरोबर येणाऱ्या गॅसला गॅसच्या भावाचं सोयरसुतक नाही, तो तेलाच्या भावावर चालतो. मागणीबद्दल मात्र सहमत. दक्षिण आशिया हा या बाजाराचा तळ आहे, त्याखाली भाव फार वेळ राहत नाही.

हिशेबनीस
सगळे जहाजांवर बोलताहेत, पण भारतात येणारा बराच माल दीर्घ करारातला आणि कच्च्या तेलाशी बांधलेला आहे. तिथे दर खाली आणणाऱ्या गोष्टी दोनच, तेलाचा भाव आणि सूत्र.

सूत्र बदलल्याने काय होतं याचं उदाहरण २०१५ चं. कतारच्या करारात आधी जपानच्या आयात तेलाची पाच वर्षांची सरासरी धरली जायची. तेल पडलं तरी जुने चढे भाव सरासरीत बसलेले, त्यामुळे आपण १२-१३ डॉलर मोजत होतो. डिसेंबर २०१५ मध्ये ती बदलून ब्रेंटची, म्हणजे जगभर मापदंड मानल्या जाणाऱ्या कच्च्या तेलाच्या भावाची, तीन महिन्यांची सरासरी केली आणि दर ६-७ डॉलरवर आला. एक थेंब जास्त न काढता दर निम्मा! याच ७५ लाख टनांच्या कराराचं २०२८ ते २०४८ साठीचं नूतनीकरण फेब्रुवारी २०२४ मध्ये गोव्यात झालं.

देशी गॅसचं वेगळं. एप्रिल २०२३ पासून किरीट पारीख समितीच्या शिफारशींवर आधारित पद्धत आहे. ओएनजीसी आणि ऑइल इंडियाच्या जुन्या क्षेत्रांतल्या गॅसला भारत आयात करतो त्या कच्च्या तेलाच्या सरासरी भावाच्या १० टक्के, दर महिन्याला. खालची मर्यादा ४ डॉलर, वरची पहिली दोन वर्षं साडेसहा, त्यानंतर दरवर्षी पाव डॉलर वाढ. म्हणजे तेल ८० असो की ११०, भाव मर्यादेलाच अडकतो. तेल मर्यादेच्या दसपटीखाली आलं तरच उतरतो. जून २०२५ मध्ये तसं झालं, ६.७५ वरून ६.४१.

सूत्र लागू झाल्यावर त्याच एप्रिलमध्ये मुंबईत सीएनजी किलोला ८ रुपयांनी आणि घरगुती पाइप गॅस घनमीटरला ५ रुपयांनी उतरला. जागतिक बाजारातल्या कुठल्याही घसरणीने बिल इतकं आणि इतक्या लवकर उतरलेलं आठवत नाही.

माईचा_चुलाण
घरच्या पाइप गॅसबद्दल कुणी सांगेल का? आमच्या सोसायटीत जोडणीचे अर्ज भरून घेताहेत. तो सिलिंडरपेक्षा स्वस्त पडेल की नाही, हे कसं बघायचं?

हिशेबनीस
@माईचा_चुलाण ताई, १४.२ किलोचा सिलिंडर म्हणजे उष्णतेच्या हिशेबाने साधारण १८ घनमीटर. तुमच्याकडचा घनमीटरचा दर गुणिले १८ करा आणि सिलिंडरच्या किमतीशी ताडून बघा. दोन महिन्यांच्या बिलात किमान आकार आहे का तेही विचारा, घरात दोनच माणसं असतील तर त्यानेच फरक पडतो. शेगडीची नोझल बदलून घ्यायची विसरू नका. सिलिंडरची नोझल तशीच राहिली तर ज्योत बारीक येते आणि लोक गॅसला नावं ठेवतात.

घरगुती गॅस आणि सीएनजीला देशी स्वस्त गॅस प्राधान्याने मिळतो, उद्योगांना तो मिळत नाही. त्यातही ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२४ मध्ये सीएनजीसाठीचा वाटा कापला, कंपन्यांना महाग गॅस मिसळावा लागला आणि पंपावरचे दर वाढले. जागतिक भाव चढला नव्हता, मिश्रण बदललं होतं. म्हणून "दर कशाने उतरेल" याच्याआधी "आपल्या नळात कोणता गॅस किती टक्के आहे" हे विचारायला हवं.

भट्टीमास्तर
मूळ प्रश्न उद्योगांचा आहे, त्यावर बोलतो.

आपल्याकडच्या उद्योगाला मिळणारा गॅस बहुतेक आयातीचा. शहर गॅस वितरणाचा परवाना सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांना मिळून एकच आहे, त्यामुळे वाहिनीने गॅस देणारा दुसरा कुणी शेजारी नाही. मग इथे दर खाली ठेवतं कोण? प्रोपेन आणि एलपीजी. मोरबीच्या टाइल्सवाल्यांनी हेच केलं, गॅस महागला की प्रोपेनवर आणि प्रोपेन महागलं की गॅसवर. भट्टीला दोन्ही इंधनं चालत असतील तरच वाटाघाटीत तुमच्या शब्दाला वजन. गॅस कंपन्या औद्योगिक दर पर्यायी इंधनाकडे बघूनच ठरवतात.

तुलना करताना मात्र लोक चुकतात. एलपीजीवर १८ टक्के जीएसटी आहे, त्याचं क्रेडिट मिळतं. नैसर्गिक वायू जीएसटीबाहेर आहे, त्यावरचा व्हॅट जीएसटीतून वळता होत नाही, तो तुमचा खर्च. म्हणून एलपीजीचा दर कर सोडून घ्यायचा आणि गॅसचा करासकट. एक किलो एलपीजी म्हणजे साधारण १.३ घनमीटर गॅस. समजा एलपीजी कर सोडून किलोला ८५ रुपये. भागिले १.३, म्हणजे ६५ रुपये ४० पैसे. गॅसचा मूळ दर ६२ असेल तर ३ टक्के व्हॅट धरून ६३ रुपये ८६ पैसे. गॅस स्वस्त. पण व्हॅट पूर्वीचा साडेतेरा टक्के असता तर हाच गॅस ७० रुपये ३७ पैसे पडला असता आणि कुणी वाहिनीकडे फिरकलं नसतं. राज्याने १ एप्रिल २०२२ पासून व्हॅट साडेतेरावरून तीनवर आणला. आपल्या भागातल्या उद्योगांसाठी दर खाली आणणारं सर्वात ठोस कारण मी यालाच म्हणेन.

सज्जनगड_वारा
+१. गॅस जीएसटीत आला तर उद्योगांचा तोही तीन टक्क्यांचा खर्च जाईल आणि सीएनजीवरच्या केंद्राच्या १४ टक्के अबकारीचाही प्रश्न सुटेल. वर्षानुवर्षं मागणी आहे, जीएसटी परिषदेत सहमती होत नाही.

वाहतुकीचा आकारही विसरू नका. एप्रिल २०२३ पासून राष्ट्रीय जाळ्यातल्या वाहिन्यांना एकत्रित दर आहे. आधी ३०० किलोमीटर, १२०० किलोमीटर आणि त्यापुढचा असे तीन टप्पे होते. पुढे नियामक मंडळाने टप्पे दोनच ठेवले आणि सीएनजी व घरगुती गॅसला अंतर कितीही असलं तरी जवळचा दर द्यायचं ठरवलं. टर्मिनलपासून लांब असलेल्या जिल्ह्यांना हे चांगलं. उद्योगांना ती सवलत नाही.

विटेकर
दाभोळ एवढं जवळ असून आपल्याला फायदा का नाही? चिपळूण उतरलं की दाभोळ.

सज्जनगड_वारा
दाभोळ टर्मिनलची क्षमता वर्षाला ५० लाख टन, पण लाटरोधक बांध अपुरा असल्याने वर्षानुवर्षं पावसाळ्यात जहाज लागत नव्हतं. वर्षाचे चार महिने बंद राहणाऱ्या टर्मिनलवर दीर्घ करार कोण करणार? टर्मिनल बारमाही चालला की ठरावीक खर्च जास्त मालावर विभागतो आणि दर एमएमबीटीयूचा आकार उतरतो. दाभोळहून बंगळुरूला जाणारी वाहिनी २०१३ पासून चालू आहे आणि गॅस एक्स्चेंजवर दाभोळ हे डिलिव्हरीचं ठिकाणही आहे. पण मुख्य वाहिनीपासून वसाहतीपर्यंतचा पोलादी फाटा हा वेगळा खर्च, आणि तो तुम्ही किती गॅस घेता यावर फिटतो.

ज्वालामापक
जिथे वाहिनी पोचलेली नाही तिथे तर अजून वाईट. सीएनजी कॅस्केडच्या, म्हणजे एकमेकांना जोडलेल्या सिलिंडरांच्या, ट्रकमधून आणतात. ३००० लिटरच्या कॅस्केडमध्ये २०० बार दाबाला पाचशे किलोच्या आसपास गॅस मावतो. शंभर किलोमीटरवरून ट्रक आणायचा, आणि दाब उतरत गेला की बूस्टर नसलेल्या पंपावर सगळा गॅस वापरताही येत नाही. संध्याकाळी रिक्षा-टेम्पोत टाकी पूर्ण भरत नाही अशी तक्रार असते ती यामुळे. वाहिनी पंपाला जोडली की हा खर्च गळतो, त्यासाठी जगात काहीही घडावं लागत नाही.

उसाचा_फड
सगळे कतार आणि टेक्सास करताहेत. कृष्णा-वारणा खोऱ्यात इतके साखर कारखाने आहेत, त्यांच्या प्रेसमडपासून, म्हणजे रस गाळल्यावर उरणाऱ्या गाळापासून, होणाऱ्या गॅसचं काय? बायोगॅस शुद्ध करून दाबला की तोच सीएनजी.

दहा लाख टन ऊस गाळणाऱ्या कारखान्याला साधारण ३५ ते ४० हजार टन प्रेसमड मिळते. २५ टनांना एक टन गॅस धरला तरी हंगामाचा दीड हजार टन होतो. मानक आयएस १६०८७ प्रमाणे मिथेन किमान ९० टक्के हवा आणि हायड्रोजन सल्फाइड घनमीटरला २० मिलिग्रॅमच्या आत.

फसतं कुठे तेही सांगतो. प्रेसमड हंगामात एकदम येते, संयंत्राला ती बारा महिने लागते. उघड्यावर ढीग लावला की आतून तापतो, सेंद्रिय भाग आपोआप जळून जातो, आणि जुलै-ऑगस्टला त्याच प्रेसमडमधून निम्माही गॅस निघत नाही. पावसाने भिजली तर पाझर ओढ्याला. ढीग दाबून, वर प्लास्टिक अंथरून हवाबंद ठेवावा लागतो, मुरघास करतात तसाच. दुसरं, सल्फाइडचं प्रमाण जास्त असल्याने शुद्धीकरणाचं माध्यम लवकर संपतं. त्यात काटकसर केली की कॉम्प्रेसरचे व्हॉल्व्ह खाल्ले गेलेच म्हणून समजा. तिसरं, उरलेलं खत. ते उचललं नाही तर टाक्या भरतात आणि संयंत्र बंद. ते शेतकऱ्यापर्यंत नेणं हे गॅस काढण्याइतकंच मोठं काम आहे.

हिशेबनीस
@उसाचा_फड, माहिती अप्रतिम. पण यामुळे दर उतरेल का? केंद्राच्या ‘सतत’ या बायोगॅस योजनेत २०१८ मध्ये सुरुवातीचा दर किलोला ४६ रुपये होता. एमएमबीटीयूत मांडला तर किलोचे १९.५ पट, म्हणजे जवळजवळ ९०० रुपये. देशी जुन्या गॅसपेक्षा तो कितीतरी महाग.

उसाचा_फड
देशी गॅसशी तुलना करूच नका, तो तर कमी पडतोय. तुलना वरच्या मिश्रणातल्या महाग गॅसशी करा, ट्रक आणि वाहिनीचा खर्च धरून. शहर गॅस कंपन्यांना मिश्रणाचं बंधनही आहे: २०२५-२६ ला १ टक्का, पुढच्या वर्षी ३, मग ४, आणि २०२८-२९ पासून ५ टक्के. पाच टक्के गॅस डॉलरशी बांधलेला नाही, होर्मुझमधून येत नाही. दर पडणार नाही हे मान्य, पण चढताना तेवढा भाग हलणार नाही.

पाटीलवाडा
हे पटलं. आणि पैसा खोऱ्यातच राहतो.

कृष्णाकाठ
सगळ्यांचे आभार. आता मूळ प्रश्नावर येतो. वार्षिक करारावर सही करताना वरचं सगळं कुठे लावायचं?

भट्टीमास्तर
करारात या जागा बघा. दर कशाशी बांधलाय: ब्रेंट, हेन्री हब, की कंपनी जाहीर करील तो. ब्रेंट असेल तर किती महिन्यांची सरासरी आणि किती महिने मागची. तेल आज पडलं तर बिलात तीन-चार महिन्यांनी दिसेल, चढलं तरी तसंच. मग किमान उचल. बहुतेक ठिकाणी ठरलेल्या प्रमाणाच्या ८०-९० टक्क्यांचे पैसे द्यावेच लागतात, गॅस वापरा नाहीतर नका वापरू. म्हणून दर उतरेल असं वाटत असेल तर रोजचं प्रमाण गरजेच्या ६०-७० टक्केच बांधा आणि वरचं एलपीजीवर किंवा जादा उचलीच्या दराने घ्या. जादा उचलीचा दंड किती ते आधी वाचा. भट्टीची वार्षिक दुरुस्ती किमान उचलीतून वगळून घ्या, हे कुणी आपणहून देत नाही.

रुपयाही धरा. दहा डॉलरचा गॅस असेल तर डॉलर एक रुपयाने महागला की घनमीटरला ३७ पैसे वाढतात. उलट गॅस एक डॉलरने उतरला, डॉलर ९० रुपये धरला, तर ३ रुपये ३३ पैसे कमी. त्यातला निम्माच गॅस बाजारभावाचा असेल तर फायदाही निम्मा.

आणि बर्नर. एलपीजीवरून वळताना जेट मोठे करा, हवेचं प्रमाण नव्याने लावा. घनमीटर गॅसला साधारण दहा घनमीटर हवा लागते. जुना जेट ठेवून दाब वाढवला की ज्योत बर्नर सोडून उचलते आणि फ्लेम सेन्सर भट्टी बंद करतो. धुराड्यात ऑक्सिजन २-३ टक्के ठेवा. तो ८ टक्के असेल तर हेन्री हब पडून जे वाचेल त्याहून जास्त तुम्ही आकाशात सोडताय.

ज्वालामापक
एक दुरुस्ती, नाहीतर कुणी दोन्ही आकडे एकत्र वापरेल. मी वर २७ घनमीटर लिहिलं ते स्थूल उष्मांकावर, आणि मास्तरांचं १.३ हे निव्वळ उष्मांकावर. बिल स्थूलवर येतं. पण पाण्याची वाफ धुराड्यातून जाते, भट्टीला मिळतो तो निव्वळ. नैसर्गिक वायूत या दोघांत दहा टक्क्यांचा फरक आहे, एलपीजीत आठचा. दोन्हींची तुलना स्थूलवर केली तर गॅस दोन टक्क्यांनी उगाच स्वस्त दिसतो. ६४ रुपयांच्या घनमीटरला तो सव्वा रुपया होतो, आणि मास्तरांच्या उदाहरणात गॅस-एलपीजीतला सगळा फरकच दीड रुपयाचा आहे.

भट्टीमास्तर
बरोबर. माझं सगळं गणित निव्वळवर आहे. बिलावरचा उष्मांक मात्र दर पंधरवड्याला तपासा. टर्मिनलला जहाज बदललं की तोही बदलतो.